पीसीओएस आणि घरची माणसं

पॉलिसिस्टिक ओव्हेरियन सिंड्रोम, म्हणजे दवाखान्याच्या कागदावरचा पीसीओएस आणि बोलण्यातला ‘पीसीओडी’, हा स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांच्या कामातला बिघाड आहे. दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटके वाढू लागतात, त्यांतले एक पूर्ण वाढून फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये ही वाढ अर्ध्यावर थांबते. बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते, दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही आणि आली की कधी थांबता थांबत नाही. प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी असतातच ती पुरुषी संप्रेरके या बिघाडात जास्त तयार होतात. त्यामुळे हनुवटीवर, ओठावर, पोटावर जाड केस येतात, मुरुमे हटत नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात. यामागे बहुतेक वेळा इन्सुलिनचा गोंधळ असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करते, आणि हे जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला आणखी पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते. मानेवर आणि काखेत दिसणारा मखमली काळेपणा हे त्याचेच चिन्ह असते. तो मळ नसतो आणि घासून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांपैकी ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींना तो असल्याचे माहीतच नसते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले, तेव्हापासून लठ्ठपणाशी त्याची जोडी लागली आहे. भारतात ती जोडी फसवी ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय शरीर वरून बारीक दिसले तरी आत चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. त्यामुळे ‘ती तर काटकुळी आहे, तिला कसला पीसीओडी’ हे घरातले वाक्य तपासणी टाळायला पुरेसे कारण नव्हे.

निदान कशावरून होते

निदान कशावरून होते हे घरच्यांनी समजून घेणे गरजेचे आहे, कारण बीड जिल्ह्यात निदानाचा पहिला कागद बहुधा सोनोग्राफीचा असतो आणि त्यावरच घाबरगुंडी उडते. प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी असल्या तर पीसीओएस म्हणतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा रक्तात त्यांचे वाढलेले प्रमाण, आणि सोनोग्राफीत पुष्कळ बीजपुटके असलेली अंडाशये. तिसऱ्या गोष्टीऐवजी आता एएमएच ही रक्ततपासणीही चालते. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजही उरत नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या तपासण्या मात्र करून घ्याव्या लागतात, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते.

सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात. ती अर्धवट वाढलेली, काही मिलिमीटरची बीजपुटके असतात. ती कापून काढायची नसतात, फुटून धोका होत नाही आणि त्यांचा कर्करोग होत नाही. ‘दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या’ हे वाक्य घरात फिरू लागले की ते थांबवणे ही घरच्यांची पहिली मदत.

किशोरवयीन मुलींचा नियम वेगळा आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते. एक ते तीन वर्षांपर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. त्यानंतर २१ ते ३५ दिवसांचे. पहिले वर्ष उलटल्यावर कधीही ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना दाखवावे. पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफी पाहून पीसीओएसचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशये तशीच दिसतात. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरला आणि दुसऱ्या, अधिक कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच होत्या. दहावीतल्या मुलीच्या कपाळावर शिक्का बसवण्याआधी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

घरच्यांना करता येईल असे सर्वांत सोपे आणि उपयोगी काम म्हणजे पाळीच्या तारखांची नोंद. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा होतात तशा पाळी सुरू झाल्याच्या आणि थांबल्याच्या खुणा मुलीने केल्या आणि कुणी त्यावरून कुजबुज केली नाही, तर डॉक्टरांना सहा महिन्यांचे चित्र एका नजरेत कळते.

पिशवीचा प्रश्न

बीड जिल्ह्यात पाळीच्या कुठल्याही तक्रारीबद्दल लिहिताना गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांना वळसा घालता येत नाही. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकींची तक्रार अंगावरून पाणी जाणे, पोटदुखी किंवा पाळीचा त्रास एवढीच होती. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ या वाक्याने त्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. यामागचे गणित उसाच्या फडावरचे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना न्हाणीघर. अशा वेळी पाळीच नको, असे बाईला वाटले तर त्यात तिचा दोष काढता येणार नाही.

पीसीओएसच्या बाबतीत मात्र ही शस्त्रक्रिया सरळसरळ चुकीच्या दारावरची थाप आहे. बिघाड संप्रेरकांचा आहे, अंडाशय आणि इन्सुलिनचा आहे. पिशवी काढली तर रक्तस्राव बंद होतो, बिघाड तसाच राहतो. चेहऱ्यावरचे केस, वाढणारे वजन, मधुमेहाचा धोका, काहीच कमी होत नाही. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते: अंगातून वाफा, झोपमोड, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढलेला धोका. गर्भाशय काढण्याची खरी कारणे आहेत, जसे कर्करोग, औषधांना न जुमानणारा मोठा रक्तस्राव, त्रास देणारे मोठे फायब्रॉईड. पीसीओएस हे त्यांतले कारण नाही.

म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली तर सोबत आलेल्या नवऱ्याने किंवा भावाने शांतपणे विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. नेमके निदान काय, ते कागदावर लिहून द्याल का? गोळ्या, प्रोजेस्टेरॉन सोडणारी कॉपर-टीसारखी साधने किंवा दुसरा काही उपचार करून पाहिला का? गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? अंडाशये ठेवणार की काढणार? आजच केली नाही तर काय बिघडेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असे येते, आणि मग दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वेळ मिळतो. २०१९ च्या त्या प्रकरणानंतर बीडमधील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. परवानगी घेतली का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश दिला आहे.

दुसऱ्या मतासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नसते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. गावातल्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना विचारले तर कोणत्या वारी कोण डॉक्टर भेटतात, हे कळते. सोबत जाणाऱ्याने एक दिवसाची मजुरी बुडणार हे धरूनच निघावे आणि ते वारंवार बोलून दाखवू नये.

बोलणे

या आजारात बाईला सर्वांत जास्त काय लागते, तर बोलणे. आई म्हणते, ‘भात कमी खा.’ आत्या म्हणते, ‘हिच्या ओठावर बघ.’ सासू म्हणते, ‘दोन वर्षे झाली, अजून काही नाही?’ प्रत्येकीला आपण काळजीच करतोय असे वाटते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत उदासी आणि चिंता इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळते. म्हणूनच निदान करताना मनाची विचारपूसही करावी, असे मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिले आहे. झोप उडाली, जेवण सुटले किंवा उलट आवरेना, लग्नकार्याला जायचे टाळते, ‘माझ्यात काही अर्थ नाही’ असे म्हणते, तर ते नखरे समजू नयेत. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, विनामूल्य, दिवसरात्र बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर तिला एकटीला सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वजनाबद्दल घरच्यांनी एकच पथ्य पाळावे: आकडा विचारू नये. या आजारात वजन वाढते सहज आणि उतरते कष्टाने. हा आळस नव्हे. वजन जास्त असलेल्या स्त्रीचे पाच ते दहा टक्के कमी झाले तरी पाळी सुधारायला मदत होते. ७० किलोच्या बाईला म्हणजे साडेतीन ते सात किलो. लग्नाआधीच्या फोटोतली कंबर परत आणणे हे उद्दिष्ट नसतेच.

चेहऱ्यावरच्या केसांसाठी थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर यांपैकी काहीही केले तरी केस जाड होऊन उगवत नाहीत. तो समज चुकीचा आहे. केसांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर पार्लरचा खर्च हा औषधाच्या खर्चातच धरावा. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला तर मात्र ते पीसीओएसचे लक्षण नसू शकते; त्यासाठी लवकर तपासणी हवी.

लग्नाच्या बाबतीत बीडची परिस्थिती विशेष नाजूक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे जिल्ह्याचे चित्र आहे. अशा ठिकाणी मुलीची पाळी अनियमित आहे हे कळताच घरचे दोनपैकी एक करतात: लपवतात, किंवा ‘लग्न झाले की सगळे सुरळीत होते’ म्हणून घाईने उरकतात. लग्न हा पीसीओएसचा उपचार नाही. लवकर दिवस राहणे हाही नाही. मुलगी सज्ञान असेल आणि स्थळ पक्के होत असेल तर कुणाला, कधी, किती सांगायचे हे तिने ठरवावे. आईबापांनी तिच्या परवानगीशिवाय मध्यस्थाला सांगू नये, आणि तिच्यावर लपवण्याची सक्तीही करू नये.

मूल होण्याच्या प्रश्नात नवऱ्याची जागा सासूच्या आणि बायकोच्या मधोमध असते, आणि तिथे गप्प राहणे म्हणजे बाजू घेणेच. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होते. काहींना आपोआप, काहींना औषधाने. बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालेली असावी. साधी, स्वस्त तपासणी. पण ती टाळून बायकोला वर्षानुवर्षे दवाखाने हिंडवणारी घरे कमी नाहीत. आईसमोर ‘तपासणी आम्हा दोघांची चालू आहे’ एवढे नवऱ्याने म्हटले तरी घरातली हवा बदलते. उलट बाजूही सांगायला हवी: पाळी अनियमित असली तरी बीज अधूनमधून बाहेर पडते, त्यामुळे मूल नको असेल तर गर्भनिरोधन लागतेच. पाळी चुकल्यावर ‘हिचे नेहमीचेच’ म्हणण्याआधी गरोदरपणाची तपासणी करावी.

ताट आणि चालणे

पीसीओएससाठी म्हणून वेगळे, महागडे खाणे नसते. ज्वारी-बाजरीची भाकरी, तूर-मुगाचे वरण, मटकीची उसळ, पिठले, मेथी, शेपू, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी, ताक हे मराठवाड्याचे जेवण चांगलेच आहे. अडचण बाजूच्या गोष्टींची असते: दिवसातून पाच-सहा वेळा होणारा गोड चहा, बिस्किटपुडे, फरसाण, थंड पेयांच्या बाटल्या, उसाचा रस. गूळ घातला की साखर टळली, असे मानणारी घरेही आहेत. इन्सुलिनच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. सीताफळाच्या दिवसांत मात्र बीडच्या बाईला सीताफळ बंद करण्याचा अट्टहास नको. जेवणावर चार खाण्याऐवजी एखादे खावे.

उपवासाची गोष्ट वेगळी. नवरात्रात नऊ दिवस, एरवी चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार. दिवसभर पोट रिकामे आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाटा, केळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी यांचे प्रमाण वाढवावे आणि इन्सुलिनचा गोंधळ कमी करणारे मेटफॉर्मिन हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून करावा. तसेच सणावाराला किंवा कार्याला पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याची पद्धत घरच्या मोठ्या बायकांनीच बंद करायला हवी. आधीच विस्कटलेल्या चक्रात त्याने निदान आणि उपचार दोन्ही अवघड होतात.

ताट बदलायचे तर घरादाराचे बदलावे. तिच्यापुरती कोरडी भाकरी आणि बाकीच्यांना पुरी-श्रीखंड, अशी व्यवस्था चार दिवस टिकते.

व्यायामाची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची आहे, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास दम लागेल असे चालणे. शेतात किंवा फडावर राबणाऱ्या बाईला ‘व्यायाम कर’ म्हणणे ही थट्टा होईल. तिला हवी असते विश्रांती, पुरेसे अन्न आणि झोप. पण बीड, परळी, माजलगाव अशा शहरांत राहणारी, अभ्यास करणारी किंवा शिलाईयंत्रावर बसणारी मुलगी दिवसभर बसून असते. ती एकटी फिरायला निघाली की लोक बघतात, म्हणून ती निघत नाही. इथे बहिणीने, नणंदेने, वडिलांनी सोबत निघणे हा सल्ल्यापेक्षा कितीतरी मोठा आधार आहे.

औषधे आणि पुढची वर्षे

पाळी नियमित करण्यासाठी डॉक्टर अनेकदा गर्भनिरोधक गोळ्या देतात. लग्न न झालेल्या मुलीच्या कप्प्यात ते पाकीट सापडले की घरात वादळ उठते. त्या गोळ्या संप्रेरकांचा तोल राखण्यासाठी असतात आणि त्यांनी पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही, हे आईला आधीच माहीत असावे. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, किंवा मुलीला रक्तदाब, अर्धशिशी, मिश्री-तंबाखूची सवय असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणे होते. जेवणाबरोबर आणि हळूहळू वाढवत घेतले की बहुधा सोसते. गोळ्या सोसत नाहीत म्हणून मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. दोन्ही औषधे जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर साचत जाते आणि वर्षानुवर्षे तसे राहिल्यास अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तो टाळण्याचा उपाय साधा आहे: तीन महिन्यांच्या आत औषधाने पाळी आणणे. याच धोक्याचे नाव घेऊन पिशवी काढायला सांगितले जाते, म्हणून उपाय गोळीने होतो हे घरच्यांना पाठ असावे. तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, चक्कर, धाप असेल तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने दिवाळीच्या सुमारास कोयता उचलण्याआधी चार-पाच महिन्यांच्या गोळ्या, रक्ततपासणीचे कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत सोबत घ्यावा. सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या अनोळखी दवाखान्यात जुने कागद नसले की तपासण्या पुन्हा, खर्च पुन्हा, आणि कधी नवीनच निदान. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, पाणी भरणे, सरपण, स्वयंपाक हे काम फडावरून आल्यावर बाईच करते; जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत त्यातले पाणी आणि सरपण नवऱ्याने उचलावे.

पीसीओएस पूर्ण बरा होत नाही, आवाक्यात राहतो. निदानाच्या वेळी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासावी. यासाठी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेली तपासणी सर्वांत भरवशाची. रक्तदाब दर वर्षी पाहावा आणि रक्तातली चरबी डॉक्टर सांगतील तशी. दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत पीसीओएस असल्याचे सांगावे, कारण गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका जास्त असतो. चाळिशीकडे जाताना पुष्कळ जणींची पाळी आपोआप नियमित होऊ लागते आणि आजार गेला असे वाटते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या तपासण्या त्यानंतरही चालूच ठेवाव्या लागतात, आणि तिच्या सख्ख्या बहिणींनी व वयात आलेल्या मुलींनीही पाळीच्या तारखांकडे लक्ष ठेवावे, कारण हा त्रास घराण्यात चालत येतो.